मद्रास क्रोकोडाइल बँक: घाईत असाल तर जाऊच नका

चेन्नईला बहिणीकडे गेलेलो, तिथून महाबलीपुरमच्या रस्त्याला ईसीआरवर (ईस्ट कोस्ट रोड) साधारण ४० किमीवर हे मगरींचं उद्यान लागतं. सोमवारी बंद असतं हे न बघताच पहिल्यांदा गेलो, गेटवरूनच परत, गाडीवाल्याने वेटिंगचे पैसे घेतले ते घेतलेच वर बायकोची बोलणी फुकटात. मंगळवारी परत गेलो.

मी सांगलीचा. आमच्याकडे भिलवडी, औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगर वर आली की काठावर जत्रा भरते, त्यामुळे मला वाटायचं मगर काय आपण बघितलीये. इथे एकेका खड्ड्यात एकावर एक पडलेल्या, तोंड वासून, मोजायचं मी अर्ध्यात सोडून दिलं. भाचा म्हणे, "मामा, ह्या प्लॅस्टिकच्या आहेत ना?" त्याचं तरी काय चुकलं, दहा मिनिटं झाली तरी पापणी हलत नाही. लोक पण दोन फोटो काढून पुढे पळतात.

पण थांबा हो जरा. ह्याच मगरींवर एक भारी काम झालंय. व्लादिमीर डिनेट्स नावाच्या शास्त्रज्ञाने इथे बघितलं की मगरी नाकाडावर काटक्या घेऊन पाण्यात गपगार पडून राहतात, वर झाडावर बगळ्यांची घरटी, बगळ्याला घरट्यासाठी काटकी पाहिजेच असते, तो उचलायला खाली आला की खाल्लास! मग अमेरिकेत लुइझियानातल्या अ‍ॅलिगेटरवर (मगरीचेच भाऊबंद) वर्षभर मोजदाद केली तर काटकीवाले बगळ्यांच्या घरटी बांधायच्या सीझनलाच जास्त सापडले. २०१३ मध्ये पेपर आला. सगळ्यांना ते पटलेलं नाहीये, काटकी आपोआप पण अडकू शकते असं म्हणणारे आहेतच. मी स्वतः अर्धा तास कठड्याला चिकटून उभा होतो, एकीच्या नाकावर बोटाएवढी काटकी आडवी होती, तिने ठेवली का पाण्यातून आपसूक आली देव जाणे, पण नजर हटेना. बगळा काय आला नाही. बायको आईस्क्रीम खाऊन पण आली तेवढ्यात.

दुसरं म्हणजे मगरीचं पिल्लू नर होणार का मादी ते अंडं किती गरम राहिलं त्यावर ठरतं. इथल्याच अंड्यांवर हे तपासलंय, ३१ डिग्रीपर्यंत ठेवली तर सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर जास्त. दीड डिग्रीत खेळ पालटतो! कृष्णाकाठच्या वाळूत उन्हाळ्यात काय चालत असेल हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि मंडळींनी १९७६ ला हे सुरू केलं, तेव्हा कातड्यापायी मगरी संपत आलेल्या, म्हणून नाव बँक, इथे जमा करून वाढवायच्या. आता सुसरी आहेत, कासवं आहेत, जॉज नावाचा खाऱ्या पाण्यातला अवाढव्य मगरोबा आहे, तो बघून भाच्याचा प्लॅस्टिकचा डाऊट एकदाचा फिटला.

आतच इरुळा लोकांच्या सोसायटीचं विष काढायचं केंद्र आहे, तिकीट वेगळं, पण चुकवू नका. १९७६ ला सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली, पिढ्यान्‌पिढ्या साप धरणाऱ्या ह्या लोकांचं पोटच गेलं, मग १९७८ ला सोसायटी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही मडक्यात ठेवलेले, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्या माणसाने घोणस अशी उचलली जशी आपली आई मेथीची जुडी उचलते, काचेच्या भांड्याच्या पडद्यावर तिला चावायला लावलं आणि खाली पिवळट थेंब पडले, एवढुसेच. तीन-चार आठवडे ठेवून, आठवड्यातून एकदा विष काढून, पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडतात, म्हणजे तोच साप लगेच परत आणला तर कळतं. सर्पदंशावरचं इंजेक्शन ह्याच विषापासून तयार होतं. आमच्याकडे ऊसतोडीत साप चावलेली माणसं पाहिलीयेत मी, त्यामुळे त्या थेंबांकडे बघताना बोलवेना.

माझे पाचपैकी पाच. सकाळी लवकर जा, दुपारी समुद्राची दमट हवा जीव काढते, पाण्याची बाटली आणि टोपी घ्याच. लहान पोरांना कठड्यावर चढू देऊ नका. आणि निदान एका खड्ड्यापाशी गप उभे राहा, टाळ्या-शिट्ट्या वाजवून त्या हलत नाहीत, एक काका पंधरा मिनिटं वाजवत होते.