रोबोटिक्समध्ये पीएचडी: बीई झाल्याझाल्या की नोकरी करून?

संशोधन करायचं हे नक्की असेल, तर प्रश्न उरतो तो लगेच शिरायचं की दोन-तीन वर्षं कंपनीत काढायची.

लगेच जाणाऱ्याचं गणित ताजं असतं, आणि हा फायदा मोठा आहे. लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की नसेल तर कालमन फिल्टरपाशीच (सेन्सरच्या सदोष मोजमापांतून रोबोटच्या खऱ्या स्थितीचा अंदाज बांधायची पद्धत) घोडं अडतं. प्राध्यापकही तुम्हाला ओळखत असतात, त्यामुळे शिफारसपत्रात दम असतो.

नोकरीत मिळतं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. सिम्युलेशनमध्ये ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पंजा, वस्तू दर वेळी अचूक पकडतो. चाकणच्या एखाद्या लाइनवर पार्टला कटिंग ऑइल लागलेलं असतं, तो निसटतो. दुपारी छपराच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन आलं की कॅमेऱ्याला कडाच सापडत नाहीत. सायकल टाइम, म्हणजे एका पार्टमागे ठरलेला वेळ, मात्र पाळावाच लागतो. कुठल्या प्रश्नावर आयुष्याची चार-पाच वर्षं घालवावीत, हे अशा ठिकाणी उमगतं. अट एकच, रोबोटला रोज हात लागला पाहिजे. ‘ऑटोमेशन’ म्हणून आयटी कंपनीत वेबसाइटचं टेस्टिंग केलं, तर त्याचा इथे फारसा उपयोग नाही.

कुठे जायचं यावरही बरंच ठरतं. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. कार्नेगी मेलनची रोबोटिक्स इन्स्टिट्यूट तर १९७९पासूनची. जर्मनीत सहसा आधी मास्टर्स लागतं, पण तिथे डॉक्टरेट करणारे बरेच जण विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल आहे, बंगळुरूला आयआयएससी. जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती) दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घराचा हप्ता सुरू झाल्यावर एवढ्यावर येणं फार जड जातं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तुम्हाला स्वतःचा प्रश्न सापडला असेल, तर थांबू नका. गाइडने दिलेलाच विषय पुढे ओढायचा असेल, तर मी नोकरीच सुचवेन. पण दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्या काळात एखाद्या प्राध्यापकांशी संपर्क ठेवा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तरी कागद-पेन घेऊन गणितं सोडवा.