सेफ मोडमध्येही कॉम्प्युटर कोसळतो : फॉरमॅट, घरी तपासणी की दुकान?

सेफ मोडमध्येही निळा पडदा आला किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झाले, की बहुतेक जण एकच सल्ला देतात : फॉरमॅट मार. माझ्या मते तो सल्ला सगळ्यात शेवटी ठेवावा.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि सेवा सुरू करते. ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर नाही, सुरुवातीलाच उघडणारी सॉफ्टवेअर नाहीत. एवढे बाजूला काढूनही मशीन टिकत नसेल, तर संशय उरतो रॅम, डिस्क, वीजपुरवठा आणि उष्णतेवर, नाहीतर विंडोजच्या मूळ फाइलींवर. फॉरमॅटचा उपयोग यातल्या फक्त शेवटच्या कारणाला. शिवाय गोव्यातला पावसाळा म्हणजे चार महिने दमट हवा, किनाऱ्याकडे खारा वारा, आणि अधूनमधून जाणारी वीज. इथे हार्डवेअरवर आधी संशय घेणे मला रास्त वाटते.

घरच्या तपासणीला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. पहिली चाचणी सर्वांत सोपी : बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा मशीनच्या सेटिंगचा पडदा, उघडा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. तिथे विंडोज चालूच नसते. मशीन तिथेही बंद पडले, तर फॉरमॅटचा विषय संपला. पंखा, धूळ किंवा पॉवर सप्लाय बघायला हवा. बायोसमध्ये तापमान दिसत असेल तर तेही पाहा. मशीन टिकले तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. पूर्ण फेऱ्यांना काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपावे. एक जरी चूक दाखवली, तरी रॅमचा भरवसा धरू नका. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसा, घट्ट बसवा आणि पुन्हा तपासा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल.

डिस्क खरखरत असेल किंवा फाइली उघडायला फार वेळ घेत असेल, तर चाचण्या थांबवा आणि आधी डेटा उतरवा. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू करून घरचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, देवस्थानचे हिशेब, गावच्या नाटकाची टाइप केलेली संहिता बाहेरच्या डिस्कवर घ्या. लिनक्सही तसेच कोसळत असेल, तर दोष विंडोजचा नाही हे जवळजवळ पक्के.

फॉरमॅटचा फायदा एवढाच, की अर्ध्या दिवसात मशीन कोरे होते. पण रॅम सदोष असताना विंडोज टाकले, तर नवी प्रतही बिघडलेलीच उतरू शकते. ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. रॅम, डिस्क आणि तापमान ठीक निघाले आणि त्रास नुकत्याच आलेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर रिकव्हरीतून ते अपडेट काढा किंवा सिस्टीम रिस्टोअर करा, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत न्या. त्यानेही भागले नाही तर फॉरमॅट जरूर करा.

पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानाचा खरा उपयोग सुट्या भागांसाठी. दुसरी रॅम, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघणे घरी जमत नाही. म्हणून देतानाच विचारा : भाग बदलून तपासणार का? आणि माझी परवानगी घेतल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही ना? दोन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर मशीन परत आणा. डेस्कटॉप अचानक बंद होतो पण रॅम चांगली आहे, अशा वेळी मी थेट दुकानच सुचवेन.

मदरबोर्डच गेला असेल तर मशीनचे वय बघा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. तुमचा त्यात बसत नसेल तर दुरुस्तीवर खर्च करू नका. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवा, डेटा घ्या आणि तो पैसा नव्या मशीनकडे वळवा.