फुले समाधान गहू: उशिराच्या पेरणीला चालतो, पण किती उशिरा?

मार्च 2022 मध्ये देशभर तापमान चढलं तेव्हा गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुरकुतले. म्हणून गव्हाचं वाण निवडताना आता मार्चचं ऊन आधी बघावं. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचं फुले समाधान (एनआयएडब्ल्यू 1994) या कसोटीवर बरंच उतरतं. वेळेवर आणि उशिरा, दोन्ही बागायती पेरण्यांना त्याची शिफारस आहे, तांबेरा रोगाला दाद देत नाही आणि चपाती चांगली होते.

मात्र ‘उशिरा चालतं’ म्हणजे जानेवारीत पेरा असं नव्हे! 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल घट धरतात. 15 डिसेंबरनंतर पेरूच नये, त्यापेक्षा दुसरं पीक बघा. उशिरा पेरल्यास फुटवे (रोपाच्या बुडातून येणारे कोंब) कमी येतात, म्हणून हेक्टरी 100 ऐवजी 125 किलो बियाणं आणि दोन ओळींत 18 सेंटिमीटर अंतर ठेवावं. इथेच बरेचजण काटकसर करतात आणि मग वाणाला नावं ठेवतात. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचं, मुकुटमुळं फुटण्याच्या वेळचं पाणी चुकवू नका. दाणे भरतानाचं पाणी हलकं आणि वारा पडल्यावर द्या, नाहीतर पीक लोळतं. एकच पाणी असलेल्या रानात हे वाण घेऊ नये.