खाडीत एक पावसाळा काढलेले तीन दोर: नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन

दाभोळच्या खाडीत बांधलेल्या आमच्या लहान होडीला गेल्या गणपतीनंतर तीन निरनिराळ्या कृत्रिम धाग्यांचे, 12 मिलिमीटर जाडीचे तीनपेडी दोर लावले होते. आता पावसाळा संपल्यावर ते उतरवून तपासले. एकही दोर कुजलेला नाही. जे नुकसान झाले ते बहुतेक पाण्याबाहेरच्या भागात झाले आहे.

सर्वांत वाईट अवस्था पिवळ्या पॉलिप्रॉपिलीनची आहे. हा दोर स्वस्त, पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगणारा आणि पाणी जवळजवळ न पिणारा, त्यामुळे भिजल्याने त्याची ताकद घटत नाही. तरीही धक्क्यापासून पाण्यापर्यंतच्या, सतत उन्हात राहिलेल्या भागावरून हात फिरवला की तळव्याला पिवळी भुकटी आणि कुसळे लागतात, तर त्याच दोराचा शेवाळाखाली बुडालेला भाग अजून मऊ आणि चकचकीत आहे. उन्हातील अतिनील किरणांनी या धाग्यातील रेणूंची लांब साखळी तुटते. ती भुकटी शेवटी खाडीतच जाते, हे मला दोर बदलण्याच्या खर्चापेक्षा जास्त खटकते.

नायलॉन पाणी पितो आणि ओला असताना कोरड्यापेक्षा साधारण 10 ते 15 टक्के कमी ताण सहन करतो. पण तो चांगला ताणला जात असल्यामुळे लाटांचे हिसके होडीच्या खुंटापर्यंत जोरात पोचत नाहीत, म्हणून नांगरासाठी मी त्यालाच पसंती देईन. मात्र भिजून आणि आवळून त्याची गाठ इतकी घट्ट झाली होती की ती सोडवायला पेचकस घालावा लागला.

पॉलिएस्टर महाग असला तरी उन्हात आणि पाण्यात सर्वांत स्थिर राहिला. पाण्यामुळे पॉलिएस्टरचे विघटन होते हे खरे असले, तरी ते उष्ण किंवा तीव्र अल्कलीयुक्त पाण्यात वेगाने होते, खाडीच्या तापमानाला नव्हे; कॉस्टिक सोड्याने दोर धुणे तेवढे टाळावे. त्याचे नुकसान एकाच ठिकाणी, लोखंडी कडीपाशी झाले. तिथला पीळ उलगडला तेव्हा पेडांच्या मध्ये वाळू, मिठाचे कण आणि तुटलेल्या तंतूंचा भुसा निघाला. बाहेरून मात्र दोर धडधाकट दिसत होता. आता कडीपाशी जुन्या पाइपचा तुकडा चढवला आहे आणि दोर अधूनमधून गोड्या पाण्याने धुतो. पॉलिप्रॉपिलीन फक्त बोयांसाठी ठेवला आहे, तोही काळ्या रंगाचा, कारण त्यातील कार्बन ऊन अडवतो.