‘ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली’ – पंच कुठे बसला ते दिसतं

मी कराटे शिकवते. त्यामुळे पडद्यावर कोणी कोणाला बडवायला लागलं की माझी नजर आधी पायांकडे जाते. पाय रोवलेले नसतील, कंबर वळत नसेल, तर वरचा हात कितीही वेगात येऊ दे, तो पंच पोकळच. ॲनिमेशनमध्ये तर सगळाच आनंद. दोघं हवेत तरंगतात, पांढऱ्या रेघा उमटतात, एक जण किंचाळतो, दुसरा डोंगरात घुसतो. कोणी काय मारलं, कुठे लागलं, का लागलं, कशाचा पत्ता नाही. म्हणून ‘आत्या, हा एक तरी बघ’ असं भाचा कितीतरी दिवस मागे लागला होता तरी मी टाळत होते. शेवटी बघितला. आणि निदान अर्ध्या सिनेमासाठी तरी त्याचं ऐकायला हवं होतं असं म्हणेन.

(पुढे कथा फुटणार आहे. कोरा बघायचा असेल तर आधी बघून या.)

आधी थोडी माहिती. तोएई ॲनिमेशनचा हा सिनेमा डिसेंबर २०१८मध्ये जपानमध्ये लागला. ड्रॅगन बॉलचा हा विसावा सिनेमा, पण ‘सुपर’ या नावाखाली आलेला पहिला. दिग्दर्शक तात्सुया नागामिने. पटकथा खुद्द अकिरा तोरियामा यांची, म्हणजे ज्यांनी १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढली त्यांचीच. लांबी शंभर मिनिटं. जगभरातून दहा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. मालिका बघितली नसेल तरी चालतं का? चालतं. पहिली तीस-पस्तीस मिनिटं सगळा मागचा इतिहासच आहे, आणि तो नव्या माणसाला सांगावा तसा सांगितलाय.

हीच पहिली तीस-पस्तीस मिनिटं बऱ्याच चाहत्यांना रटाळ वाटतात. भाचा तर ‘इथून पुढे ढकल’ म्हणत होता. मी ढकलू दिलं नाही, कारण पुढच्या सगळ्या मारामारीचं वजन इथेच भरलेलं आहे.

सायन ही लढवय्यांची जात. एक्केचाळीस वर्षांपूर्वी राजा व्हेजिटा आपल्या बाळाचं (त्याचंही नाव व्हेजिटाच) कौतुक करायला शिशुगृहात जातो. तिथे पॅरागस नावाच्या एका योद्ध्याच्या मुलाची, ब्रोलीची ताकद राजपुत्रापेक्षा जास्त भरते. राजाला ते सोसत नाही. तो त्या तान्ह्या पोराला वाम्पा नावाच्या ओसाड ग्रहावर पाठवून देतो. बाप चिडून यान पळवतो आणि मागोमाग जातो. बरोबर बीट्स नावाचा एक साथीदार असतो. वाम्पावर यान कोसळतं, परतीची वाट बंद होते, आणि तिथे अन्न फारसं नाही हे कळल्यावर पॅरागस त्या साथीदाराला गोळी घालतो. तेवढंच. संगीत चढत नाही, कोणी भाषण देत नाही. खाणारी तोंडं कमी झाली, बस. मुलासाठी सिंहासनाशी भांडणारा बाप बघता बघता कोण होऊन बसलाय, हे त्या एका गोळीत कळतं.

त्याच सुमारास दुसरीकडे बार्डॉक आणि गीने आपल्या पोराला, म्हणजे मालिकेचा नायक गोकूला, छोट्या यानात बसवून पृथ्वीकडे रवाना करतात. खलनायक फ्रीझा सायनांचा सगळा ग्रहच उडवणार असा बार्डॉकला संशय असतो आणि तो खरा ठरतो. तोरियामांनी हा भाग २०१४मध्ये एका छोट्या मांगात आधीच लिहिला होता, तो इथे आणलाय. थोडक्यात, तीन पोरं आणि तीन बाप. एकाला राजवाडा मिळाला, एकाला पृथ्वीवरची चांगली माणसं, आणि एकाला वाम्पा. पुढे हे तिघे मोठे होऊन बर्फात एकमेकांसमोर येतात तेव्हा कोण कसा लढतो हे त्यांच्या बालपणावरून ठरलेलं असतं. हे सिनेमा कुठेही बोलून दाखवत नाही. ते हालचालीत दिसतं, आणि म्हणूनच मला तो आवडला.

ब्रोली हे पात्र नवं नाही. १९९३च्या एका सिनेमात तो पहिल्यांदा आला होता. तिथे त्याचा गोकूवर राग, का तर तान्हेपणी शेजारच्या पाळण्यात गोकू रडरड रडायचा म्हणून! चाहत्यांचा तो लाडका असेल, पण खलनायकाला एवढंच कारण म्हणजे फारच झालं. या नव्या ब्रोलीचा मुळात कोणावरच राग नाही. वाम्पावर एक डोंगराएवढा हिरवा प्राणी असतो. त्याचे हल्ले चुकवता चुकवता पोराची त्याच्याशी दोस्ती होते, आणि त्याच्या डरकाळीवरून तो त्याला ‘बा’ म्हणतो. दोस्तीमुळे सराव बिघडतो म्हणून बाप बंदूक उचलून त्या प्राण्याचा कान उडवतो. प्राणी पुन्हा कधी दोस्त होत नाही. ब्रोली कमरेला जी हिरवी केसाळ कातडी गुंडाळून हिंडतो ती त्या कानाची.

हे तो स्वतः सांगतो, चीलाई आणि लेमो या फ्रीझाच्या फौजेतल्या दोन अगदी खालच्या शिपायांना. अडखळत, तुटक, माणसांशी बोलायची सवय नसलेल्या आवाजात. जपानीत बिन शिमादांनी हा आवाज दिलाय. सबटायटल वाचायचा कंटाळा नसेल तर मूळ जपानीतच बघा, या एका प्रसंगासाठी तरी.

आता लढाईकडे येते.

पहिली लढत व्हेजिटा आणि ब्रोलीची. पॅरागसला राजाच्या पोरावर सूड हवाय, म्हणून व्हेजिटाचा नंबर आधी. माझ्या मते सगळ्या सिनेमातली ही सर्वात चांगली मारामारी. व्हेजिटा शिकलेला माणूस आहे. त्याचं अंतर पक्कं, तो कधी आत शिरायचं आणि कधी बाहेर निघायचं हे मोजून करतो. आम्ही कराटेत ज्याला मा-आई म्हणतो, ते दोघांमधलं अंतर, इथे चक्क दिसतं. ब्रोलीला अंतर वगैरे काही माहीत नाही. तो सरळ अंगावर येतो, छाती उघडी, हनुवटी वर. व्हेजिटाचे पंच बसतात, आणि दर वेळी बसल्यावर ब्रोली एक क्षण थांबून बघतो की हे काय होतं. मग थोड्या वेळानं तीच गोष्ट त्याच्याकडून परत येते, वाकडीतिकडी पण दुप्पट ताकदीनं. व्हेजिटा एक पायरी चढतो, केस सोनेरी होतात, की ब्रोली तिथपर्यंत पोचतो. व्हेजिटा लाल केसांच्या देवरूपात जातो, थोडा वेळ वरचढ ठरतो, आणि ब्रोली पुन्हा पोचतो. विद्यार्थी कुमितेत, म्हणजे सरावाच्या लढतीत, समोरच्याकडून शिकतो ते मी रोज बघते, पण त्याला महिने लागतात. इथे ते काही मिनिटांत, डोळ्यांसमोर, संवादांवर विसंबून न राहता चितारलंय. तो शिकतोय हे पात्रं बोलतातही, पण ती बोलायच्या आधी मला कळलं होतं.

गोकूची लढत वेगळी. गोकूला लढण्यात मौज वाटते, तो समोरच्याला जोखत राहतो. मध्येच तो ब्रोलीला आपल्या शक्तीनं जखडून धरतो आणि समजावायला लागतो की तू वाईट नाहीस, थांब. तिथे मी मान डोलावली, कारण जोर वापरून समोरच्याला न दुखावता धरून ठेवणं हे मारण्यापेक्षा अवघड. पण ब्रोली बिथरतो, सुटतो, आणि मग गोकूचा चेहरा पंजात धरून त्याला बर्फाच्या कड्यावरून फरफटत नेतो. कॅमेरा बरोबर पळतो, बर्फ सोलला जातो. कुठलंही तंत्र नाही त्यात, नुसती ताकद. पण ती कोणाची ताकद आहे आणि ती अशी का झाली हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ते बघवत नाही.

हे सगळं जमलं त्यात चित्रांचा मोठा वाटा. पात्रांचं नवं रेखाटन नाओहिरो शिंतानींनी केलं. आधीच्या ड्रॅगन बॉलमध्ये स्नायू तेल लावल्यासारखे चकाकायचे, अंगभर टोकदार सावल्या असायच्या. इथे रेषा पातळ, सावल्या कमी, अंगं गोलसर आणि हलकी, तोरियामांच्या जुन्या मांगाच्या जवळची. ही नुसती सौंदर्याची बाब नाही. अंगावर रेघा कमी म्हणजे ॲनिमेटरला ते अंग मोकळेपणी वळवता येतं. खांदा फिरला तर त्यामागून कंबर फिरते, पंच लागला की मान मागे जाते. पंच कुठे बसला ते दिसतं. माझी तक्रार होती ती नेमकी हीच, आणि ती इथे बऱ्यापैकी मिटली.

बऱ्यापैकी म्हटलं, कारण शेवटचा भाग. फ्रीझा पॅरागसला मारतो, ब्रोलीला दुःखानं पेटवायला. गोकूचा मित्र क्रिलिन मेला तेव्हा गोकूचं जे झालं होतं ते त्याला आठवत असतं. इथपर्यंत ठीक, फ्रीझाला शोभेल अशीच ती नीच युक्ती आहे. पण मग ब्रोली एवढा बळावतो की गोकू-व्हेजिटा दोघं मिळूनही पुरे पडत नाहीत. एकत्र विलीन होण्याचा नाच बसवायला ते गोकूच्या मित्राकडे, पिकोलोकडे पळतात, आणि तोवर फ्रीझाला तासभर बेदम मार खावा लागतो. हा विनोद झकास जमलाय. नाच पहिल्यांदा चुकतो तर ढेरपोट्या तयार होतो, दुसऱ्यांदा चुकतो तर काडी पैलवान. व्हेजिटाचा त्या नाचाला असलेला विरोध पाहून मला पहिल्याच दिवशी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करायला लाजणारे कॉलेजातले मुलगे आठवले. याच वेळी गोकू-व्हेजिटाचा गुरू व्हिस ब्रोलीचे सगळे हल्ले अगदी सहज अंग वळवून चुकवतो. त्या थोड्याशा दृश्यात जी शरीराची समज आहे ती पुढच्या पंधरा मिनिटांत नाही.

कारण पुढे येतो गोगेटा, म्हणजे दोघं विलीन होऊन बनलेला योद्धा, आणि सगळं प्रकाशात बुडतं. जमीन फुटून लाव्हा वर येतो, वास्तवच काचेसारखं तडकतं, दोघं कुठल्यातरी रंगीत मितीत जाऊन भिडतात. संगणकावर घडवलेली चित्रं हातानं काढलेल्यांत मिसळायला लागतात आणि अंगाचं वजन जातं. ज्याच्या पायाखाली जमीनच नाही त्याचा पंच मला कळत नाही. शिवाय गोगेटाला हरायची भीतीच नसते. व्हेजिटाला होती, गोकूला होती. भाच्याला अर्थात हाच भाग सर्वात आवडतो, आणि थिएटरमध्ये मोठ्या पडद्यावर बघितलेल्यांनाही तो आवडला असणार. पार्श्वसंगीतात नोरिहितो सुमितोमोंनी लढणाऱ्यांच्या नावांचा गजर घातलाय, ‘गोगेटा’, ‘ब्रोली’ अशा आरोळ्या. सुरुवातीला हसू आलं, मग चक्क अंगात आलं. एवढं कबूल करते.

सिनेमा तरतो तो चीलाईमुळे. गॅलॅक्टिक पेट्रोल या अंतराळातल्या पोलीस दलाचं यान चोरून फ्रीझाच्या फौजेत लपलेली ही हिरवी मुलगी. ब्रोलीच्या गळ्यात बापानं विजेचे झटके देणारा पट्टा घातलेला असतो. त्याचा रिमोट ती बापाच्या अंगावरून शिताफीनं लांबवते. शेवटी गोगेटा ब्रोलीला संपवणार तेवढ्यात हीच इच्छा पूर्ण करणाऱ्या ड्रॅगनकडे मागणं मागते की त्याला वाम्पावर परत पाठव. आता त्या मागण्याशी बाकीच्यांची मागणी ताडून बघा. फ्रीझाला पाच सेंटिमीटर उंची हवी, गोकूची मैत्रीण बुल्माला पाच वर्षं कमी वय, लोकांच्या लक्षात येणार नाही एवढंच. विश्व बुडवायला निघालेल्या खलनायकाची हौस पाच सेंटिमीटरची! तोरियामांची खोडकर नजर इथे पुरेपूर दिसते. मार्च २०२४मध्ये ते गेले. लढाई लिहिणारे पुष्कळ मिळतील, पण हे पाच सेंटिमीटर कोण लिहिणार?

आणखी एक नोंद: गोकू आणि त्याचा बाप बार्डॉक, दोघांना आवाज मासाको नोझावांचा. १९८६च्या मालिकेपासून गोकू त्याच बोलतात, आणि हा सिनेमा आला तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या वयात तो कियाई, म्हणजे ती आरोळी! माझे वीस वर्षांचे विद्यार्थी तेवढा आवाज काढत नाहीत.

लहान मुलांना दाखवावा का? रक्ताचे सडे नाहीत, पण साथीदाराला गोळी घालणं आणि त्या प्राण्याचा कान या दोन जागी सहा-सात वर्षांचं पोर बिचकेल. दहाच्या पुढे हरकत नाही, फक्त पहिली पस्तीस मिनिटं पुढे ढकलू देऊ नका. माझ्याकडून पाचात पावणेचार. पाव गोगेटानं घालवला, आणि पूर्ण एक त्या रंगीत मितीनं.