घुमटाचा लूप १८,५०० ला घेतला, तो निघाला दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून कापलेला

लिहायला लाज वाटते, कारण पैसे माझे एकट्याचे नव्हते, वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सोळा जणांची वर्गणी होती. पण लूप विकणारा तो माणूस अजून गोव्यातल्या फोंडा-डिचोलीच्या ग्रुपांवर फिरतोय म्हणून लिहितोय.

चवथीला आमची घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती, रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायची होती. हा म्हणाला बीट, म्हणजे परत परत वाजणारा वाद्यांचा तुकडा, लूप, मी बनवून देतो, पूर्ण रॉयल्टी फ्री, सर्टिफिकेटसकट. आधी ६,५०० मग १२,००० यूपीआयनं दिले. आरती आजोबांच्याही आधीची, तिच्यावर कुणाचा हक्क नाही हे मला माहीत होतं, तिथेच मी निर्धास्त झालो. चाल मोकळी असली तरी तिचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं, ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं करणाऱ्याचं असतं, हे मला नंतर कळलं.

आणि कळायला हवं होतं ते त्याच रात्री. हेडफोन लावून ऐकत होतो, घुमट, शामेळ (ढोल), कासाळं (झांजा) सगळं सुंदर, पण दर फेरीला त्याच जागी कुणाचा तरी 'हां' असा अर्धवट तुटलेला आवाज. स्टुडिओत स्वतः वाजवलेल्या लूपमध्ये दुसऱ्याचा 'हां' कुठून येणार? विचारलं तर म्हणे लाइव्ह फील. प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे ट्रॅक मागितले तर म्हणे हार्डडिस्क उडाली. तिथेच थांबायला हवं होतं, पण चवथ चार दिवसांवर, पोरांनी पोस्टर वाटलेले, मी कुणाला काय सांगणार होतो?

आरती टाकली आणि तिसऱ्या दिवशी कॉपीराइट क्लेम, म्हणजे हे आमचं आहे असा दावा. शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग, सूर दोन पट्ट्या उतरवून मला विकलेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो दुसऱ्याचं सहा सेकंदांपर्यंत चालतं. असा सेकंदांचा नियम कायद्यात कुठेच नाही! २००८ च्या राम संपत विरुद्ध राजेश रोशन या संगीतकारांच्या केसमध्ये पिक्चरच्या गाण्यांत जाहिरातीच्या जिंगलचा काही सेकंदांचाच तुकडा होता तरी मुंबई हायकोर्टानं ती गाणी ठेवून पिक्चर रिलीज करायला मनाई केली होती. मग 'क्लेम काढून देतो' म्हणणाऱ्या एकाचा फोन आला, त्याला आणखी ९,००० दिले, तोही गायब. एकूण २७,५००.

पोलिसांकडे गेलो तर पहिला म्हणाला पैसे तुम्हीच पाठवले ना, दुसरा म्हणाला कॉपीराइट म्हणजे दिवाणी, वकील करा. अरे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, मी मोबाइलवर काढून दाखवलं, तर म्हणे मग गुन्हा तुमच्यावरच होईल, गाणं टाकलंय तुम्ही. कलमात 'जाणूनबुजून' लिहिलंय हो, मी कुठे जाणून केलं? आणि मला फसवलं त्याचं काय, ते कोण लिहून घेणार? तीन खेपा, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो १९ दिवसांनी, तोवर खातं रिकामं. तुम्ही त्याच दिवशी करा.

सर्टिफिकेटवर नुसता लोगो होता, सही नाही. हक्क नावावर करून देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. वेगवेगळे ट्रॅक हातात आल्याशिवाय दमडी देऊ नका.

त्या मंडळाच्या म्हाताऱ्या घुमटवाल्याला मी जाऊन भेटलो. लूप ऐकवला. तो 'हां' त्यांच्या भावाचा होता, जो आता नाही.

काल तोच लूप नव्या नावानं ७,००० ला विकायला आलाय.