जुन्या शिडाच्या बोटीचे डेक-फिटिंग : स्वस्तात काय टिकले, काय फुटले

मेनशीटची, म्हणजे मुख्य शीड ओढणाऱ्या-सोडणाऱ्या दोराची, जी कप्पी गेल्या दिवाळीनंतर नवी म्हणून बसवली होती, तिचे पांढरे चाक ऐन मे महिन्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, भर वाऱ्यात तडकले. दोर चाकावरून घसरून बाजूच्या पत्र्याच्या फटीत अडकला, शीड ढिले करता येईना आणि अखेर दोर कापावा लागला. विक्रेत्याने आधी छायाचित्रे मागवली, मग पावती मागवली आणि बऱ्याच दिवसांनी कळवले की उन्हाने झालेले नुकसान हमीत बसत नाही. डेकवरची, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागावरची, वस्तू उन्हात राहणार नाही तर कुठे राहणार? ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे ही अट मान्य करणे म्हणजे हमीच नाही असे मानणे होय.

बोट एंटरप्राइज वर्गाची आहे. ही जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट. फायबरचे अंग ठणठणीत होते, पण क्लीट (दोर पकडून ठेवणारी पकड), कप्प्या, शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी), फेअरलीड (दोराला दिशा देणारी कडी) सगळेच बदलायला आले होते. सगळे परदेशी घेतले असते तर वाहतूक आणि आयातकर धरून तो खर्च एवढ्या जुन्या बोटीला शोभला नसता, म्हणून प्रत्येक वस्तूवर वेगळा विचार करावा लागला.

पोलादाबाबत माझे मत या काळात पूर्ण बदलले. डेकवर ‘३१६’ जातीच्या स्टेनलेस पोलादाशिवाय काही लावू नये, असे मी ठामपणे म्हणत असे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि तो खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे पडणारे खड्डे रोखते, हे खरेच आहे. पण तापीचे पाणी गोडे आहे. पैसे वाचवण्यासाठी काही ठिकाणी ३०४ या स्वस्त स्टेनलेस जातीचे बोल्ट वापरले, तर एवढ्या महिन्यांनंतर त्यांच्यावर फडक्याने पुसून जाणाऱ्या तपकिरी डागांपलीकडे काही दिसत नाही. बोट मुंबईच्या खाडीत नेणार असाल तर मात्र ३१६ च घ्यावे. लोहचुंबक लावून पारख करण्यात अर्थ नाही, कारण बाजारात स्टेनलेस म्हणून सर्रास मिळणाऱ्या हलक्या २०२ लाही चुंबक जवळपास चिकटत नाही. त्यापेक्षा बोल्टच्या डोक्यावरचा ठसा पाहावा : ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या जातीचे, ‘ए४’ म्हणजे ३१६ च्या. ठसा नसलेला बोल्ट मी आता परत करतो.

पोलादावर वाचलेला पैसा प्लास्टिकवर घालावा, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. फुटलेले चाक भुसावळच्या ज्या लेथवाल्याकडे नेले, त्याने त्यावर अंगठ्याचे नख ओढले आणि नखाखाली पांढरी भुकटी आली. ‘भाऊ, ठिबकची नळी काळी का असते, ते आपल्याकडे केळीवाल्यालाही ठाऊक आहे,’ एवढेच तो म्हणाला. जळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षे उन्हात पडून राहणाऱ्या पॉलिथिनच्या नळीत साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक असते आणि अतिनील किरण तेच शोषून घेते. माझ्या कप्पीच्या चाकात असे संरक्षण काहीच नव्हते. शिवाय साधे नायलॉन पाणी पिऊन फुगते आणि चाक पिनेवर जड फिरू लागते. फुटण्याच्या आधी ते जड झाले होतेच. त्याच लेथवर काळ्या अ‍ॅसिटल या कडक प्लास्टिकच्या दांड्यातून नवे चाक कातून घेतले. ते नव्या कप्पीपेक्षा कितीतरी स्वस्त पडले, पाण्याने फुगत नाही आणि आजही बोटाने टिचकी मारली की मोकळे फिरते. कप्पी घेताना चाकाचा रंग आणि त्याचे प्लास्टिक कोणते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

क्लीटची निवड गाळाने ठरवली. स्प्रिंगच्या दातेरी जबड्यांत दोर पकडणारे कॅम-क्लीट हाताला फार सुखाचे असते, पण हतनूरचा बारीक गाळ दोराबरोबर आत जातो आणि जबडे अर्धवट उघडे राहतात. हलता भाग नसलेले, व्ही आकाराच्या खाचेचे अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅमक्लीट मी मन मारून, केवळ किंमत कमी म्हणून घेतले होते; तेच आता बोटीवरची सर्वांत भरवशाची वस्तू आहे. तांब्याभर पाणी ओतले की खाच स्वच्छ होते.

बसवताना जुन्या डेकखाली नुसता वॉशर पुरत नाही. तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आतून लावावी, भोकाची कड किंचित खोलगट करून बोल्टभोवती ब्यूटाइलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी गुंडाळावी आणि बोल्ट गोल न फिरवता आतून नट आवळावा. सिलिकॉन वापरू नये. ते सुटते आणि त्या जागी नंतर दुसरे काही धड चिकटत नाही.

जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, दोन्ही कप्प्यांची चाके अजून पांढऱ्या नायलॉनचीच आहेत. दसऱ्यापूर्वी तीही कातून घेणार आहे, आणि तोवर बोट उभी असताना त्यांच्यावर जाड कापडाची पिशवी बांधून ठेवतो.